मॉर्मन काकू आणि सुईणीच्या डायऱ्या

मागच्या वर्षी टेक्सासमधल्या फ्रिस्कोला माझ्या मामेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर एक काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मी काय करते, असं त्यांनी विचारलं.

"चरित्रं लिहिते," मी म्हटलं. "साध्या माणसांची. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या शाळेतल्या बाईंचं."

"आणि राहता कुठे?"

"युटामध्ये. दहा वर्षांची असल्यापासून तिथेच आहे."

"म्हणजे ते मॉर्मन लोक असतात, तिकडे?"

"हो. मीसुद्धा मॉर्मन होते, काका. तीस वर्षं."

काकांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "म्हणजे त्या चार-चार बायका वगैरे..."

"ते चर्चने शंभरावर वर्षांपूर्वीच बंद केलं. आमच्याकडे सगळ्यांना एकेकच बायको होती, आणि तेवढीच त्यांना झेपत होती."

काका मोकळेपणी हसले. मग म्हणाले, "पण एक नागपूरची मुलगी त्यात शिरली कशी, ते सांगा." तेवढ्यात फोटोसाठी हाका सुरू झाल्या आणि उत्तर राहून गेलं. परतीच्या विमानात मी ते मनातल्या मनात देत बसले. ते फार लांबलं, म्हणून आता लिहून काढते आहे.

माझे बाबा धातुशास्त्रातले. तांब्यावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यांना नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहायला आलो. मी नागपूरला मराठी शाळेत चौथी पास झालेली. इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. आईला तर तेवढंही नाही. गल्लीत आमचं एकच घर भारतीय होतं. बाकी जवळजवळ सगळी घरं मॉर्मन, म्हणजे युटात वाढलेल्या एका ख्रिस्ती पंथाची, पण हे आम्हाला कळायलाच दोन महिने लागले. रविवारी सकाळी सगळी गल्ली नीटनेटके कपडे घालून कुठे जाते, एवढंच आई खिडकीतून बघायची.

जानेवारीत आई घराच्या पायरीवर बर्फावरून घसरली. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. मांडीपर्यंत प्लॅस्टर. बाबांना नव्या नोकरीत सुट्टी मिळेना. पहिल्या दिवशी बाबांनी पोहे करून ठेवले आणि मी शाळेतून येईपर्यंत आई एकटी पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले तर घरात तीन अनोळखी बायका. एक भांडी घासत होती, एक आमच्या चादरी घेऊन निघाली होती आणि तिसरी, पांढऱ्या केसांची, सडपातळ, आईच्या पलंगाशेजारी बसून तिच्याशी हळूहळू इंग्रजीत बोलत होती. आई तिच्याशी मराठीत बोलत होती. दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

ही पांढऱ्या केसांची बाई आमच्या उजव्या हाताच्या घरात राहायची. निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला. चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात, पण आईने पहिल्याच दिवशी तिचं "शेजारच्या काकू" करून टाकलं. पुढे ती सगळ्या गल्लीची काकू झाली. अमेरिकन पोरंही तिला "काकू" म्हणायला लागली. हा शब्द कुठून आला, हे त्यांना माहीत नव्हतं.

मॉर्मन लोकांची प्रत्येक भागात तीनचारशे माणसांची मंडळी असते. तिला वॉर्ड म्हणतात. तिथे पगारी धर्मगुरू नसतो. दंतवैद्य, सुतार, शिक्षक अशी त्याच भागातली माणसं काही वर्षं काम बघतात आणि मग दुसऱ्यांकडे सोपवतात. वॉर्डातल्या बायकांनी आईसाठी एक यादी केली होती: सोमवारी कोण येणार, मंगळवारी कोण, मला शाळेतून कोण आणणार. आम्ही त्यांच्या चर्चचे नव्हतो, हे त्या यादीत कुठेच आड आलं नव्हतं.

शाकाहारी म्हणजे काय, हे मात्र त्यांना उमगत नव्हतं. एक बाई हिरव्या रंगाची, थरथरणारी जेली घेऊन आली. आत किसलेलं गाजर. बाबांना ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी काकूंच्या काहीतरी लक्षात आलं. त्या घरी गेल्या, जेलीचं रिकामं पाकीट घेऊन आल्या आणि चष्मा लावून वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"यात जनावराच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन असतं," त्या मला म्हणाल्या. "आईला सांग. मला फार वाईट वाटतंय."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, मी खाल्ली नाही. ह्यांनीच खाल्ली." काकूंनी उरलेली जेली उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशी राजम्यासारखं काहीतरी उकडून आणलं. त्यात मीठसुद्धा नव्हतं. आईने पलंगावर बसूनच त्याला जिऱ्याची फोडणी देववली आणि काकूंना खायला लावलं.

प्लॅस्टर दीड-दोन महिने होतं. काकू रोज दुपारी तीनला यायच्या आणि मी शाळेतून आले की दुभाषी म्हणून मधे बसायची. एक दिवस त्या जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "आईला विचार, मला तिची गोष्ट लिहायची आहे. जन्मापासून. चालेल का?"

आईला हसू आलं. "माझी कसली गोष्ट? मी काय केलंय?"

"सगळे हेच म्हणतात," काकू म्हणाल्या. "विचार तिला, ती ज्या घरात जन्मली त्याला दारं किती होती."

आईने डोळे मिटून दारं मोजली. वर्ध्याजवळचं गाव. आईचे वडील पोस्टमास्तर आणि पोस्टाच्या मागच्याच दोन खोल्यांत घर. एक दार पोस्टात उघडायचं, एक गल्लीत, एक विहिरीकडे. दारं मोजता मोजता आई जी बोलायला लागली ती थांबेचना. दोनेक आठवडे असेच गेले. आई सांगायची, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत पुढे द्यायची, काकू लिहायच्या.

मग एका दुपारी आई तिच्या लग्नानंतरच्या दिवसांवर आली. आणि तिने सांगितलं की माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. तो कसा दिसायचा, त्याला दूध कसं पचेना, डॉक्टर कसे वेळेवर आले नाहीत, हे ती छताकडे बघत सांगत होती. मी ऐकत होते. तिचं सांगून झाल्यावर मी काकूंकडे वळून म्हटलं, "ती म्हणते, मग माझा जन्म झाला."

काकूंनी पेन उचललं नाही. त्या आईकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघितलं.

"तुझी आई बराच वेळ बोलली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू एवढंसंच सांगितलंस. तिने जेवढं सांगितलं तेवढं सांग. कमी नको, जास्तही नको. ते तिचं आहे, बाळ. आपलं नाही."

मी रडत रडत सांगितलं. काकूंनी वही मिटली आणि आईचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

आई म्हणाली, "बारसं बाराव्या दिवशी असतं. तो अकराव्या दिवशी गेला."

हे इंग्रजीत सांगायला मला फार वेळ लागला. बारसं म्हणजे काय, हेच आधी सांगावं लागलं. काकूंनी मग विचारलं, "हे वहीत लिहू का? की नको?" आईने बराच विचार केला आणि मान डोलावली. लिहा म्हणाली. त्या वहीत ती ओळ अजून आहे: एक मुलगा, अकरा दिवस जगला.

त्याच दिवशी की नंतर कधी, हे मला आता आठवत नाही, पण काकूंनी आईला त्यांच्या श्रद्धेतली एक गोष्ट सांगितली. कुटुंब मरणाने तुटत नाही. जे गेले ते आपलेच असतात आणि पुन्हा भेटतात.

आईने मला विचारायला लावलं, "नाव नसलं तरी?"

"नाव नसलं तरी," काकू म्हणाल्या.

फ्रिस्कोच्या काकांना द्यायचं उत्तर खरं तर एवढंच आहे. आईवर कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. नागपूरला त्या मुलाबद्दल तिने विषय काढला की लोक म्हणायचे, विसर आता, पुढचं बघ. पहिल्यांदाच कुणीतरी तिला विसरू नकोस म्हणालं होतं. वर्षभराने तिने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. मलाही हवा होता. मला काकूंसारखं व्हायचं होतं, धर्माचं फारसं काही कळत नव्हतं.

बाबा देव मानत नसत. नागपूरलाही गणपतीला फक्त मोदकांपुरते हजर असत. आईने विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुला बरं वाटतं ना तिथे?"

"हो."

"मग जा. मला मात्र रविवारी झोपू दे."

मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. आईने ज्या दिवशी चहा सोडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तिचं डोकं ठणकत होतं आणि ती आम्हा दोघांवर खेकसत होती. बाबा रोज सकाळी स्वतःचा चहा स्वतः करायचे, आणि तिला वास येऊ नये म्हणून कप घेऊन गॅरेजमध्ये जाऊन प्यायचे. उणे दहा तापमानात. उपासाच्या बाबतीत मात्र आई सगळ्या वॉर्डाला भारी पडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं असतं. वॉर्डातल्या बायका दुपारपर्यंत मलूल व्हायच्या. आई घरी येऊन मला म्हणाली, "एवढंच? मी चतुर्थीला याहून जास्त करायचे, आणि वर पंचवीस माणसांचा स्वयंपाक."

काकू रविवारी आम्हा मुलींचा वर्ग घ्यायच्या. रोज डायरी लिहायची, असा त्यांचा नियम. त्या चर्चमध्ये डायरी लिहिणं, पूर्वजांची माहिती गोळा करणं हे धर्माचंच काम मानतात. मी विचारलं, "डायरी कुठल्या भाषेत लिहू?" त्या म्हणाल्या, "ज्या भाषेत तू प्रार्थना करतेस त्या." म्हणून मी मराठीत लिहीत गेले. माझं मराठी चौथीतच थांबलं नाही, त्याचं श्रेय युटातल्या एका अमेरिकन बाईला आहे. जिला मराठीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला.

तेरा वर्षांची झाल्यावर त्या मला बरोबर नेऊ लागल्या. वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या आयुष्याची टिपणं घ्यायची, टंकलेखन करायचं, बांधून नातवंडांना द्यायचं. मी टेपरेकॉर्डर सांभाळायची. "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं, असं विचारू नकोस," काकू सांगायच्या. "त्या दिवशी जेवायला काय होतं, ते विचार. बाकीचं आपोआप येतं." मी आजही असंच विचारते.

मी कॉलेजात असताना काकू गेल्या. त्यांच्याजवळच्या सगळ्या वह्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवण्याचं काम त्यांनी माझ्या नावावर लिहून ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात मी बाबांच्या गाडीतून चाळीसेक घरी गेले. प्रत्येक घरात मला बसवून घेतलं, आणि तीनचार घरांतल्या लोकांनी विचारलं, आमच्या वडिलांचंही लिहून देशील का? माझा व्यवसाय असा सुरू झाला. बाबा हयात होते तोवर म्हणायचे, "लोकांच्या घरात बसून गप्पा मारते आणि त्याला काम म्हणते." पण माझं प्रत्येक पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असायचं, आणि व्याकरणाच्या चुका पेन्सिलीने खुणावलेल्या.

मी चाळिशीत होते तेव्हा एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. चौऱ्याऐंशी वर्षांचे. आमच्यापासून तीन तासांवर, दक्षिणेला एका खोऱ्यात त्यांची फळबाग होती. त्यांची पणजी त्या खोऱ्यातली सुईण. तिच्या सात डायऱ्या त्यांच्याकडे होत्या. तिचं चरित्र त्यांना हवं होतं.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "मधली मधली पानं आम्हाला कुणालाच वाचता येत नाहीत."

ती पानं एका जुन्या लिपीत होती. दीडशे वर्षांपूर्वी मॉर्मन लोकांनी इंग्रजीसाठी नवी लिपी तयार केली होती, उच्चाराप्रमाणे लिहायची, जवळजवळ चाळीस अक्षरांची. ती फारशी चालली नाही आणि लवकरच मागे पडली. सुईण मुलगी असताना ती शिकली असणार. मी ग्रंथालयातून त्या लिपीचं लहान मुलांचं पुस्तक मिळवलं. देवनागरी शिकलेल्या माणसाला ती जड जात नाही. आठवड्याभरात मी अडखळत वाचू लागले.

इंग्रजी लिपीतल्या पानांवर बाळंतपणांची नोंद होती: कुणाच्या घरी, किती वाजता, मुलगा की मुलगी, घोडा कुणी आणला. लपवलेल्या पानांवर दुसरंच होतं. तिची सहा वर्षांची मुलगी घटसर्पाने गेली होती. त्यानंतर बाळंतिणीच्या उशाशी प्रार्थना करताना आपलं कुणी ऐकतंय असं तिला वाटेनासं झालं. ती शब्द म्हणायची, कारण बाळंतिणीला धीर यायचा. पण तिला स्वतःला पलीकडे कुणी जाणवत नव्हतं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याला ही लिपी येत नव्हती. सव्वीस वर्षं ती असं लिहीत राहिली, आणि त्या सव्वीस वर्षांत बोलावणं आलं आणि ती गेली नाही, असं एकदाही झालं नाही.

माझ्याही बाबतीत काही वर्षांपासून तसंच झालं होतं. माझं कुणाशी भांडण झालं नव्हतं, कुणी मला दुखावलं नव्हतं. मी प्रार्थनेला डोळे मिटायची आणि आत काहीच नसायचं. मी हे डायरीतही लिहिलं नव्हतं. मराठीतसुद्धा नाही.

आता त्या गृहस्थांना सांगणं भाग होतं. ते सरळमार्गी, श्रद्धाळू माणूस, पूर्वी वॉर्डाचे बिशप, म्हणजे प्रमुख, होते. गाडीत बसताना एक विचार मनात आला, की काही पानं "वाचता आली नाहीत" असं सांगून मोकळं व्हावं. तो विचार मी गाडीतच सोडला.

त्यांच्या स्वयंपाकघरात ते आणि त्यांची मुलगी बसले होते. मुलगी साठीची, शाळेत मुख्याध्यापिका. मी आधी थोडक्यात सांगितलं. मुलगी लगेच म्हणाली, "बाबांच्या पणजीने जे लपवलं ते तू का उघडं करतेस? तिने ही लिपी कशासाठी वापरली असेल?"

हा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "मलाही तेच वाटलं. पण तिला ही पानं चुलीत घालता आली असती. तिने ती जपून ठेवली. तुम्ही नको म्हणाल तर मी छापणार नाही."

गृहस्थ म्हणाले, "सगळं वाच."

मी दोन तास वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला थोडे दिवस दे."

तीन आठवडे फोन आला नाही. मी दुसरं काम काढलं, पण लक्ष लागेना. मग एका सकाळी ते स्वतः तीन तास गाडी चालवून माझ्या दारात उभे. हातात जर्दाळूंची टोपली. खुर्चीवर बसले आणि टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,

"मला आयुष्यभर वाटत आलं, की आमच्या घरात हे असं फक्त मलाच होतं."

मला आधी नीट कळलंच नाही.

"मी बिशप होतो," ते म्हणाले. "लोक माझ्याकडे रडत यायचे, मी त्यांना धीर द्यायचो, आणि घरी जाताना गाडीत मला काहीच ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, पणजी एवढी मोठी बाई, आजोबा तसे, वडील तसे, आणि माझ्यातच काय कमी आहे? मी चर्च सोडणार नाही. मला तिथली माणसं आवडतात, तिथलं गाणं आवडतं. पण आता एकटं वाटत नाही. छाप ते."

एक पान मात्र त्यांनी गाळायला सांगितलं. एका बाळंतपणाबद्दल होतं, आणि त्या बाळाचे वंशज अजून त्याच खोऱ्यात राहतात. मी लगेच कबूल केलं. ते पान सुईणीचं एकटीचं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि तुझं काय?" मी त्यांना सांगितलं. मोठ्याने बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. ती काय म्हणेल ते तुला आत्ता कल्पनेने कळणार नाही."

आईला सांगणं मला सगळ्यात कठीण वाटत होतं. माझा विश्वास गेलाय असं तिला सांगणं म्हणजे, तो अकरा दिवसांचा मुलगा तुझी वाट बघत नाहीये असं सांगणं, असं मला वाटायचं. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई एकटी राहायची, माझ्यापासून दहा मिनिटांवर. मी गेले तेव्हा ती गवार निवडत होती. मीही शेजारी बसून निवडू लागले आणि सांगून टाकलं.

तिने हातातली शेंग मोडली. "मला माहीत होतं."

"कसं?"

"चर्चमध्ये गाणं म्हणताना तू नुसते ओठ हलवतेस. तीन वर्षं झाली."

मी म्हटलं, "आई, मला वाटलं तुला त्याच्याबद्दल..."

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, तुझा विश्वास नाही म्हणून तो तिथे नाही, असं कसं होईल? तो काय तुझ्या भरवशावर आहे? तो माझा आहे." मग पुढची शेंग उचलत, "रविवारी मला सोडायला येशील ना? मी आता हायवेवर गाडी घालत नाही."

मी दर रविवारी जाते. तिला दारात सोडते आणि दोन तासांनी आणायला जाते. वॉर्डातली माणसं मला हात करतात, कुणी कधी टोचून बोललं नाही. निदान माझ्या तोंडावर तरी नाही. एक बाई अजूनही दर ख्रिसमसला मला एक वेगळा डबा देते, वर लिहिलेलं असतं: यात जिलेटिन नाही.

सुईणीचं पुस्तक त्या खोऱ्यात बरंच वाचलं गेलं. काही लोक नाराज झाले, काहींनी मला पत्रं लिहिली. गृहस्थ मला महिन्यातून एकदा फोन करत राहिले, बहुतेक हवामानाबद्दल. चारेक वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. वडील झोपेतच गेले होते.

मॉर्मन लोकांत अंत्यविधीच्या वेळी गेलेल्या माणसाच्या आयुष्याची हकिकत सर्वांसमोर वाचतात. बहुधा मुलगा किंवा नातू वाचतो. मुलगी म्हणाली, "बाबांनी लिहून ठेवलंय. ते तू वाचायचं."

"पण मी आता चर्चमध्ये नाही. तुम्हाला माहीत आहे."

"त्यांनाही माहीत होतं. मी बिशपना विचारलं. ते हो म्हणाले." मग म्हणाली, "मी तुझ्यावर बराच काळ रागावलेली होते. अजूनही थोडी आहे. पण ये."

माझ्याकडे चार दिवस होते. मी त्या गृहस्थांच्या शेजाऱ्यांना फोन केले, गृहस्थांच्या भावाला भेटले, बागेतल्या जुन्या कामगाराला गाठलं. हाताने पत्रं लिहिण्याची त्यांची सवय, माउथऑर्गन वाजवताना त्यांचं चुकणं, बर्फ पडला की विधवा बायकांच्या घरासमोरचा रस्ता उजाडायच्या आत मोकळा करून न सांगता निघून जाणं, हे सगळं जमवलं. आई म्हणाली, "मीही येणार. मला त्या माणसाला बघायचं राहूनच गेलं." तिने तिची मोतिया रंगाची साडी नेसली आणि वरून जाड कोट घातला.

चर्च भरलेलं होतं. मी वाचलं. पंधरा मिनिटं. त्यांच्या शंकांबद्दल मी काही बोलले नाही, तो त्यांनी माझ्यापाशी ठेवलेला विषय होता. सुईणीबद्दल दोनच वाक्यं बोलले. त्यांच्या बागेबद्दल सांगताना म्हटलं की लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने जर्दाळूची पहिली बारा झाडं लावली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी खाली येऊन आईशेजारी बसले.

नंतर त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी मुलगी ताट घेऊन माझ्यासमोर आली.

"एक चूक केलीस," ती म्हणाली.

मी कागद उलगडला. "कुठली?"

"पहिली बारा झाडं चेरीची होती. जर्दाळू पुष्कळ नंतर आले. ऐकलं असतं तर बाबांनी उठून तुला दुरुस्त केलं असतं." आणि ती हसायला लागली. इतकी, की तिला ताट खाली ठेवावं लागलं. मग मलाही हसू आवरेना. आमच्याकडे बघून आई कुणालातरी तिच्या इंग्रजीत सांगत होती, "माझी मुलगी. ती फार चुकत नाही."

मी तिथेच कागदावर दुरुस्ती केली. ती प्रत तिने घरच्यांसाठी ठेवून घेतली आणि मला त्यांच्या बागेतल्या रस्त्याने गाडीपर्यंत सोडायला आली. वाटेत प्रत्येक झाड कुणी लावलं, कधी लावलं, हे ती सांगत होती आणि मी सगळं लिहून घेत होते.